लिंक तुमची, दुकान दुसऱ्याचं

दुकानाच्या वस्तूची लिंक आपण द्यायची, त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की दुकान आपल्याला कमिशन देतं. अॅफिलिएट मार्केटिंग म्हणजे एवढंच. त्याबद्दल खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न : मी शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी अशा पदार्थांच्या रील्स करते. बायोमध्ये मिक्सर आणि तव्याच्या अॅमेझॉनच्या लिंक दिल्या आहेत. काही मैत्रिणींनी वस्तू घेतल्या, मी स्वतःही मिक्सर घेतला, तरी कमाई शून्य दिसते. (वाचक, अमळनेर)

उत्तर : आधी लिंक उघडून पाहा. तिच्यात तुमचा टॅग, म्हणजे तुमच्या खात्याची ओळख सांगणारा कोड, हवा. भारतातल्या टॅगच्या शेवटी बहुधा -21 असतं. अॅमेझॉनच्या अॅपमधलं साधं शेअरचं बटण दाबून घेतलेल्या लिंकमध्ये हा टॅग नसतो आणि ताई, सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो. असोसिएट खात्यात (अॅमेझॉन आपल्या अॅफिलिएट खात्याला हेच नाव देतं) लॉग-इन करून ब्राउझरमध्ये वस्तूचं पान उघडा आणि वर दिसणाऱ्या साइटस्ट्राइप पट्टीतून लिंक बनवा. मग अहवालात क्लिक उमटतात का ते बघा. क्लिकच दिसत नसतील तर लिंक चुकली आहे. क्लिक दिसतात पण ऑर्डर नाही, तर कारण वेगळं.

क्लिकनंतर 24 तासांच्या आत वस्तू कार्टमध्ये गेली तरच ती तुमच्या खात्यात धरतात. मधल्या वेळात ग्राहकानं दुसऱ्या कुणाची लिंक दाबली तर कमिशन त्याला जातं. इन्स्टाग्राममध्ये आणखी एक अडचण आहे. लिंक त्याच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथं ग्राहकाचं लॉग-इन नसतं, मग ती बाई ते बंद करून सरळ अॅमेझॉनचं अॅप उघडते आणि तुमची नोंद तिथंच तुटते. ‘वरच्या तीन टिंबांवरून बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा’ असं रीलमध्येच सांगा.

स्वतः घेतलेल्या मिक्सरवर कमिशन मिळत नाही, ते अटींतच लिहिलेलं आहे. घरच्यांकडून आणि मैत्रिणींकडून मुद्दाम खरेदी करून घेणंही थांबवा. त्यानं खातं बंद पडू शकतं. नवं खातं असेल तर पहिल्या 180 दिवसांत 3 पात्र विक्री व्हाव्या लागतात, नाही तर ते आपोआप बंद होतं.

आणि नुसता ‘बेस्ट मिक्सर’ म्हणून कुणी घेत नाही. काळ्या मसाल्याचं भाजलेलं कांदा-खोबरं 750 वॉटच्या मिक्सरमध्ये पाणी न घालता किती बारीक होतं, चटणीच्या भांड्याचं पातं तळाला किती जवळ आहे, मोटर कधी तापते, हे दाखवा. घेणाऱ्या बाईला नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं.

प्रश्न : 4,999 रुपयांचा कोर्स घेतला की अॅफिलिएट होता येतं आणि पुढे तोच कोर्स विकला की निम्मे पैसे आपले, असं एकजण सांगतो. भरू का? (वाचक, शिरपूर)

उत्तर : नका भरू. अॅमेझॉनसारख्या दुकानांचं अॅफिलिएट खातं फुकट उघडतं. या कोर्सच्या योजनेत मात्र विकायला वस्तूच नाही, नवा माणूस आणणं हाच धंदा आहे. पिरॅमिड योजनांना 2021 च्या थेट विक्री नियमांनी मनाई केली आहे, आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर 1978 पासून बंदीचा कायदा आहे. पैसे आधीच गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळणं अवघड.

प्रश्न : माझ्याकडे केळी उत्पादकांचा मोठा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. रोज पाच-दहा ऑफर टाकल्या तर महिन्याला किती सुटतील? (वाचक, यावल)

उत्तर : हिशोब करू. फवारणीच्या बॅटरी पंपाची कर वगळून किंमत 2,500 आणि कमिशन 4 टक्के धरा (दर वस्तूच्या वर्गानुसार बदलतो, चालू तक्ता पाहा). एका पंपामागे 100 रुपये. शंभरजणांनी लिंक दाबली आणि दोघांनी घेतला, तर 200. माल परत आला की तेही वजा. त्यात पैसे महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी हातात येतात.

रोज दहा ऑफर टाकल्या की लोक ग्रुप म्यूट करतात, मग कामाची लिंकही कुणी बघत नाही. आठवड्याला एकच वस्तू घ्या आणि नीट समजावा. 16 लिटरच्या पंपाला 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवरची बॅटरी पुरेल की 12 ची घ्यावी, भरलेली टाकी पाठीवर घेतल्यावर एकूण वजन किती होतं, वॉशर आणि नोझल रावेर-फैजपूरच्या दुकानात मिळतात का. शेतकरी हेच विचारतो. यूट्यूबवर जाहीर व्हिडिओ करा, लिंक त्याच्या वर्णनात द्या आणि ग्रुपमध्ये व्हिडिओ पाठवा. ईमेलमध्ये किंवा छापील पत्रकात लिंक देणं अॅमेझॉनच्या अटींत बसत नाही, आणि बंद ग्रुपबाबतही अटी वाचूनच पाऊल टाका. किंमत लिहू नका; ती दिवसातून अनेकदा बदलू शकते आणि शिव्या तुम्हाला बसतात.

कीटकनाशकांच्या लिंकच्या वाटेला मात्र जाऊ नका. मात्रा चुकली की बाग त्याची जाते आणि नाव तुमचं येतं.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. हे करू शकतो का? (वाचक, नंदुरबार)

उत्तर : परवानगीशिवाय नाही. वर्तणूक नियमांत खासगी धंद्याला मनाई आहे, तेव्हा लेखी अर्ज करा. चॅनेल तुम्ही चालवायचं आणि खातं बायकोच्या नावावर काढायचं, ही पळवाट चौकशीत टिकणार नाही.

प्रश्न : कराचं काय? आणि व्हिडिओत ‘मला कमिशन मिळतं’ असं सांगायलाच हवं का? (वाचक, धुळे)

उत्तर : सांगायलाच हवं, आणि मराठी व्हिडिओत मराठीतच. केंद्र सरकारच्या जानेवारी 2023 च्या सूचनांनुसार मोबदल्याचा उल्लेख ठळक हवा. वर्णनाच्या तळाशी हॅशटॅगच्या गर्दीत टाकलेला चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

कमिशन वर्षाला 20,000 च्या वर गेलं की 2 टक्के टीडीएस (पैसे देण्याआधीच कापला जाणारा कर) कापतात. पॅन दिला नसेल तर 20 टक्के. छोट्या व्यापाऱ्यांची अंदाजित नफ्याची योजना कमिशनला लागू नाही, म्हणून प्राप्तिकराचं विवरणपत्र आयटीआर-4 ऐवजी सहसा आयटीआर-3 भरावं लागतं. कॅमेरा, इंटरनेट, ट्रायपॉड यांची बिलं जपून ठेवा, त्यांच्या आधारेच खर्च कमाईतून वजा होतो. जीएसटी नोंदणी वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेल्यावर. त्या उलाढालीत तुमचं दुसरं दुकान असेल तर त्याचीही विक्री धरतात.