दहावीची परीक्षा सहा आठवड्यांवर आलीय, मुलीचं इंग्रजी ग्रामर पुन्हा कसं करून घेऊ?

तुम्ही लिहिलंय, मुलगी मराठी माध्यमात आहे, ग्रामरची वही भरलेली आहे, पण पेपर सोडवायला बसली की सगळं एकमेकांत मिसळतं. आणि तुम्हाला स्वतःला इंग्रजी येत नाही.

माझं गाव अंबाजोगाई तालुक्यातलं. दहावीला इंग्रजीत २९ पडले, ऑक्टोबरला परत बसलो तेव्हा सुटलो. आता गावातच संध्याकाळी दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. माझं ऐकाल तर ती वही काही दिवस कपाटात ठेवा.

टेन्स (काळ), व्हॉइस (प्रयोग), क्वेश्चन टॅग (वाक्याच्या शेवटचं 'हो ना?') हे वेगवेगळे धडे समजून पाठ केले की गोंधळ ठरलेला. सगळे एकाच खुंटीला टांगलेत, ती खुंटी म्हणजे क्रियापद. म्हणून एकच वाक्य घ्यायचं आणि तेच फिरवत राहायचं. आमच्याकडं कापूस, त्यामुळं माझं वाक्य ठरलेलं: 'मदर पिक्स कॉटन', म्हणजे आई कापूस वेचते. याचा प्रश्न करा: 'डझ मदर पिक कॉटन?' 'पिक्स'मधला एस कुठं गेला? 'डू'ला जाऊन चिकटला, त्याचं 'डझ' झालं. तोच 'डझ' टॅगला उपयोगी पडतो, 'डझन्ट शी?' भूतकाळात 'पिक्ड', पण प्रश्नात 'डिड मदर पिक'. काळाची खूण वाक्यात एकदाच लागते. डिड आला की ईडी जाते (दिल्लीची नव्हे, शब्दाच्या शेवटची). 'डिड शी पिक्ड' हे मी किती वह्यांत खोडलं असेल त्याला गणती नाही.

व्हॉइसमध्ये आपली मराठीच पायात येते. मराठीच्या तासाला 'आईने कापूस वेचला' हा कर्मणी प्रयोग म्हणून शिकवतात. बरोबरच आहे ते. कापूस वेचला, बोंडं वेचली, क्रियापद कर्माच्या मागं पळतं. मग पोरं धरून चालतात की इंग्रजीतही हे पॅसिव्हच. पण 'मदर पिक्ड कॉटन' हा सरळ ॲक्टिव्ह आहे, इंग्रजी क्रियापद कर्माकडं ढुंकूनही बघत नाही. पॅसिव्ह ओळखायचा तर मराठीत 'कापूस वेचला गेला' असं म्हणून बघायचं: 'कॉटन वॉज पिक्ड.' 'गेला' लागला तिथं 'वॉज' लागला. एवढं डोक्यात शिरायला मला दोन परीक्षा द्याव्या लागल्या. 'वॉज'पुढं क्रियापदाचं तिसरं रूप येतं, 'राइट'चं 'रोट' नव्हे, 'रिटन'. म्हणून रोज दहा क्रियापदांची तिन्ही रूपं पाठ. पाठांतर म्हणाल तर मी एवढंच करून घेतो.

रिपोर्टेड स्पीचचंही, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपण सांगतो त्याचंही, तसंच. 'दादा म्हणाला की मी उद्या येईन' हे आपल्याला चालतं, 'मी' जागचा हलत नाही. इंग्रजीत 'दॅट' आला की 'आय'चा 'ही', 'विल'चा 'वुड', 'टुमॉरो'चा 'द नेक्स्ट डे'.

'अ' की 'ॲन' यासाठी आपल्याकडं फुकटचं हत्यार आहे: शब्द देवनागरीत लिहा. स्वरानं सुरू झाला तर 'ॲन'. अवर, म्हणून 'ॲन अवर'. युनिफॉर्म य-नं सुरू, म्हणून 'अ युनिफॉर्म'. एमएलएला 'ॲन' लागतं, हे पोरांना फार आवडतं.

प्रीपोझिशनच्या (इन, ऑन, ॲट असले शब्द) मोठ्या याद्यांना आता हात लावू नका, तेवढा वेळ नाही.

लेखी पेपर ८० मार्कांचा. त्यात ग्रामर बरंचसं उताऱ्याखालीच विचारतात, त्यामुळं जुन्या पेपरांतला उतारा आणि त्याखालचं ग्रामर एका बैठकीत सोडवायला लावा. लातूर पॅटर्नचं एवढं नाव आहे, पण त्याच्या मुळाशी घड्याळ लावून सोडवलेले सराव पेपरच आहेत. शब्द वर्णानुक्रमानं लावणं, विरामचिन्हं देणं हे हातचे मार्क, ते सोडू नये.

तुमचं काम रात्री जेवताना. मराठीत एक साधं वाक्य टाका, 'मामानं बैल विकला' असलं काहीही. तिनं ते इंग्रजीत सांगायचं, मग प्रश्न, नकार, टॅग, पॅसिव्ह, सगळं तोंडी. सुरुवातीला अडखळेल, अडखळू द्या. आणि 'डिड'च्या मागोमाग 'सोल्ड' ऐकू आलं की घास हातात धरून तिथंच थांबवा. 'सेल' पाहिजे, एवढं इंग्रजी तर तुम्हाला आता आलंच.