वृद्धाश्रमातल्या अनोळखी आजी-आजोबांना हाताने पत्र लिहायचं तर काय लिहावं? त्याचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही म्हणताय की एका गटात नाव नोंदवलंय, गटाने पत्राचा नमुना दिलाय, तुमचं अक्षर यथातथाच आहे आणि अनोळखी माणसाला काय लिहायचं ते सुचत नाही. बाकीचं नंतर बघू. आधी तो नमुना फाडून टाका.

मी वृद्धाश्रमात आलेली पत्रं वाचून दाखवायला जाते. ज्यांची नजर गेलीय, ज्यांच्या हातात कागद स्थिर राहत नाही, त्यांच्यासाठी. म्हणजे तुम्ही लिहिलेलं माझ्या तोंडून बाहेर पडतं आणि ऐकणाऱ्याचा चेहरा मला बघावा लागतो, तुम्हाला नाही.

एकदा असाच एका गटाकडून गठ्ठा आला. दुपारी सगळे हॉलमध्ये बसले होते. पहिलं पत्र एका आजींचं. ‘तुम्ही आमच्यासाठी दीपस्तंभ आहात. तुमच्या अनुभवाच्या शिदोरीवर आमची पिढी घडली. तुमचे आशिर्वाद सदैव पाठीशी असू द्या.’ आजी खूश. दुसरं शेजारच्या आजोबांचं. दीपस्तंभ, शिदोरी, आशिर्वाद. तिसरं उघडलं आणि माझाच आवाज खाली आला. कोपऱ्यात एक आजोबा बसतात, उभं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेलं. त्यांनी तिन्ही कागद मागून घेतले, भिंग लावून एकेक ओळ पाहिली आणि म्हणाले, “आशीर्वादातली शी दीर्घ. तिघांनीही ऱ्हस्व काढलीय. परीक्षेत कॉपी करणारी पोरंसुद्धा एखादी चूक स्वतःची करतात हो.”

हॉलभर हशा पिकला. पहिल्या आजी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पत्राची घडी पाकिटात घातली आणि पाकीट मला परत दिलं. “कुणाला हवं असेल तर बघा.”

हे मी गट चालवणाऱ्या ताईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांचं म्हणणं, नमुना दिला नाही तर मुलं सुचत नाही म्हणून गळतात. नमुना दिला की पत्रांचा आकडा वाढतो. मी विचारलं, आकडा कुणाला दाखवायचाय? तर म्हणाल्या, “तुम्ही नुसत्या वाचता. गट चालवून बघा एकदा.” ते अजून डोक्यात आहे, म्हणून इतकं लांबण लावतेय.

त्याच गठ्ठ्यात एक पत्र नियम मोडून आलेलं होतं. ताईंच्या सूचनांमध्ये ‘स्वतःच्या अडचणी लिहू नयेत, सकारात्मक लिहावे’ असं एक कलम होतं. या मुलीने मात्र सरळ लिहिलं होतं की तिने जुनी शिलाई मशीन विकत घेतलीय आणि शिवायला बसलं की कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. खालच्या दोऱ्याची बॉबिन काढून पाहिली, पुसली, परत बसवली, तरी तेच. पुढे दोन ओळी मांजराबद्दल, आणि संपलं. ज्या आजींच्या नावाचं होतं, त्या एरवी पत्र ऐकून ‘बरं’ म्हणायच्या आणि विषय संपायचा. त्या दिवशी मला मध्येच थांबवलं. “गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनच्या मागे लागतात. दोष वरच्या दोऱ्याचा असतो. लिहून घे. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय वर उचल, मग दोरा पहिल्यापासून परत ओव. पाय खाली असताना ओवला तर दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसतच नाही.” शेजारच्या बाई म्हणाल्या सुई बोथट असेल. त्यावर दोघींचं जे जुंपलं ते चहा येईपर्यंत चाललं. उत्तर मी लिहिलं, सही आजींनी केली, आणि पुढच्या वेळी गेले तर दारातच पहिला प्रश्न: “त्या पोरीचं मशीन लागलं का मार्गी?”

तर काय लिहायचं, हे यातच आलं. तुमचं एखादं अडलेलं काम लिहा. खिडकीतून काय दिसतं ते लिहा, उंदीर, गळका नळ, वर्गात कोण कुणावर रुसलंय, काहीही, पण तुमचं. त्यांना दीपस्तंभ म्हणू नका. ज्या माणसाचं तुम्हाला नावसुद्धा धड माहीत नाही, त्याच्या अनुभवावर तुम्ही घडलात हे खोटं आहे आणि त्यांना ते कळतं. ‘तुम्ही एकटे नाही आहात’ हेही नको. एकटे आहेत हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय, एवढंच त्यातून ऐकू येतं. ‘लवकर बरे व्हा’ तर नकोच नको. वय हा आजार नव्हे.

उपयोग होतो का? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो, आणि त्यात तरुणही भरपूर आहेत. तेव्हा उपकार करतोय या थाटात लिहू नका. पत्राबद्दल म्हणाल तर अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला सांगितली होती. लिहिणारे शब्द नीट जमतील की नाही या काळजीत, आणि वाचणारे बघत होते लिहिण्यातला जिव्हाळा. समोरच्याला किती आनंद होईल याचा लिहिणाऱ्यांचा अंदाज कमीच निघाला. त्याआधी अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या रुग्णांपैकी काहींना वर्षानुवर्षं छोटी पत्रं पाठवली होती. ‘बरं चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा’ इतपतच मजकूर, कसलीही मागणी नाही. 2001 मध्ये निष्कर्ष छापून आले: पत्रं मिळालेल्यांमध्ये पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या कमी झाल्या होत्या. दोन्हीकडे लिहिणारा पूर्ण अनोळखी नव्हता, हे खरं. पण मजकूर थोडा आणि मागणी शून्य, हे घेण्यासारखं आहे.

अक्षराचं टेन्शन सोडा. मोठं काढा आणि ओळींमध्ये जागा सोडा, बास. वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं, निळा फिका दिसतो, म्हणून पांढऱ्या कागदावर काळी शाई. चकचकीत कागद नको, प्रकाश पडला की अक्षर गायब होतं. जाड पेनाची शाई मागे उमटते, तेव्हा एकाच बाजूला लिहा. पाकीट डिंकाने घट्ट चिकटवू नका, सांधे आखडलेल्या बोटांनी ते उघडत नाही. गटही बहुधा उघडंच मागतात. तारीखही टाकू नका. पत्रं कधीकधी पडून राहतात आणि जुनी तारीख दिसली की आपल्याला उरलंसुरलं मिळाल्यासारखं वाटतं. चमकी लावलीत तर तिथल्या मावशी तुम्हाला शिव्या देतील आणि मी त्यांच्या बाजूने असेन.

आता ताईंची बाजूही सांगते, नाहीतर त्या म्हणतील एकतर्फी लिहिलं. अगदी लहान मुलं असतील तर सुरुवातीला एखादा प्रश्न देऊन ठेवायला हरकत नाही. अख्खं पत्र देऊन उतरवून घेऊ नये, एवढंच. आणि अडचण लिहायची म्हणजे दोऱ्याच्या गुंत्याएवढी. घटस्फोट, कर्ज, आजारपण नको. तिकडे ते रात्रभर काळजी करत बसतात आणि तुम्हाला शोधायची सोय नसते.

स्मृतिभ्रंश असलेल्यांना लिहिताना ‘आठवतंय का’ने सुरू होणारा प्रश्न टाळा. घरचा पत्ता, फोन नंबर द्यायचा नाही, फक्त नाव; उत्तर गटाच्या किंवा संस्थेच्या पत्त्यावर येऊ दे. उत्तर येईलच असं नाही. पण एकदा आलं आणि त्यात काही विचारलेलं असलं, तर दुसरं पत्र नक्की टाका. त्या शिलाई मशीनवाल्या मुलीचं पुढचं पत्र आलंच नाही, कारण ताईंच्या गटात एका पत्त्यावर एकदाच लिहायचं असा नियम आहे. आजी अजून विचारतात आणि मला दर वेळी काहीतरी सांगावं लागतं. तुमच्या गटातही असा नियम असेल तर गट बदला.