गर्दीत पेशी सरकतात कशा?

प्रश्न: जखम भरताना पेशी एकमेकींना चिकटूनच पुढे सरकतात म्हणे, मग एवढ्या दाटीत अडकत कशा नाहीत? आणि यात गणित कुठून आलं?

उत्तर: अडकतात की! व्हर्टेक्स मॉडेल म्हणजे पेशींच्या थराचं गणिती चित्र, त्यात पेशी म्हणजे चक्क बहुभुज, फरशीला फरशी लागून. आता पेशीच्या परिमितीला क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागा, नियमित षटकोनाला ३.७२ येतं, आणि २०१५च्या सुमारास संशोधकांना दिसलं की हा आकडा साधारण ३.८१च्या खाली असला की थर जाम, वर गेला की पेशी लांबुळक्या होऊन शेजारणी बदलत वाहायला लागतात. म्हणजे दाटी तेवढीच, फक्त आकार बदलला, भारीच ना! अर्थात हे सपाट थराचं झालं, शरीरात पेशींभोवती असलेल्या तंतूंच्या जाळ्यातून घुसताना पेशीचं कडक केंद्रकच अडतं, तिथे हा एकटा आकडा पुरत नाही.