मंचावरचं गाणं, हेडफोनमधलं गाणं

प्रिय मित्रा,

तुमच्या बँडच्या दुसऱ्या अल्बमसाठी तू पाठवलेली आठही गाणी दोनदा ऐकली. आधी गाडीत मोठ्या आवाजात, मग रात्री हेडफोन लावून. गाडीत मजा आली. हेडफोनवर मात्र तिसऱ्या गाण्यालाच दमलो. गाणी तीच, वाजवणारे तुम्हीच. मग असं का झालं, ते लिहितो.

दोन वर्षं तुम्ही सतत दौऱ्यांवर फिरताय, ते ऐकू येतं. ड्रमरने रोल घ्यायच्या आधीच बास गिटारवाल्याला तो कळलेला असतो. ही कमाई बंद खोलीतल्या तालमीत होत नाही. इंग्लंडच्या बीटल्स बँडने पहिल्या अल्बमची दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात उरकली, कारण त्याआधी जर्मनीतल्या हँबर्गच्या क्लबांत ते रात्र-रात्र वाजवून तयार झाले होते.

पण मंच खोडीही लावतो. समोरचे लोक गप्पा मारत असतात, त्यांना खेचून घ्यायचं म्हणून लय वाढते. ड्रमच्या वर आवाज जावा म्हणून गायक पट्टी चढवतो. हात रिकामा दिसू नये म्हणून गिटारवाला प्रत्येक जागा भरून टाकतो. त्या रात्री हे सगळं बरोबरच असतं. रेकॉर्डिंग ऐकणारा मात्र एकटा असतो आणि त्याच्या कानात तुम्ही अगदी जवळ असता. तिथे ओरडायची गरज नसते.

हे मला फुकट कळलेलं नाही. आमच्या दुसऱ्या अल्बममधलं एक गाणं आम्ही वर्षभर मंचावर वाजवत होतो. स्टुडिओत ते ऐकून इंजिनिअर म्हणाला, पट्टी एक स्वर उतरवा आणि गाणारीला बसून गाऊ द्या. मी चिडलो. माझ्या बासची सगळी गंमत सर्वांत खालच्या मोकळ्या तारेवर होती, पट्टी उतरली की ती गेली. दोन दिवस भांडलो. शेवटी मुकाट्याने तार एक स्वर उतरवून घेतली. मिनिटभराचं काम! आणि ती खाली बसून गायली तेव्हा गाण्यातले शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकले. वर्षभर रोज तिच्या शेजारी उभा होतो मी.

तेव्हा तुमची आठही गाणी एकदा फक्त एका गिटारवर, हळू आवाजात गाऊन बघा. जे उघडं पडेल त्याला शब्दांची किंवा चालीची डागडुजी हवी आहे. आणखी एक गिटार चढवून ते झाकलं जाणार नाही.

लांबीचंही असंच. रेडिओहेड या ब्रिटिश बँडचं ‘पॅरानॉइड अँड्रॉइड’ हे गाणं १९९६च्या दौऱ्यात मंचावर दहा मिनिटांच्या वर जायचं, शेवटी लांबलचक ऑर्गन असायचा. १९९७ च्या अल्बममध्ये ते साडेसहा मिनिटांच्या आत आहे आणि तो ऑर्गन नाही. रेकॉर्डिंगआधी नवी गाणी लोकांपुढे वाजवायची ती याचसाठी. टाळ्यांवर फार जाऊ नकोस, टाळ्या ओळखीच्या गाण्यालाही पडतात. लोक पाणी आणायला कोणत्या कडव्याला उठतात ते बघ.

दौऱ्यात वेळ मिळत नाही, हे तुझं म्हणणं मी अर्धंच मान्य करतो. आर.ई.एम. या अमेरिकन बँडने १९९५ च्या दौऱ्यात आठ ट्रॅकची, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे टिपणारी, रेकॉर्डिंग यंत्रं सोबत ठेवली होती. पुढच्या वर्षीच्या अल्बमचा बराच भाग त्यांनी मैफिलींत आणि त्याआधी आवाज तपासताना, साउंडचेकमध्येच टिपलेला आहे. तुझ्या तर खिशात फोन आहे. पण एक सांभाळ. फोनवरची कच्ची नोंद शंभर वेळा ऐकली की तिच्या चुकाही प्रिय होतात आणि स्टुडिओतला प्रत्येक टेक, म्हणजे रेकॉर्डिंगचा प्रत्येक प्रयत्न, फिका वाटतो. बहुतेक वेळा हा सवयीचा खेळ असतो. बहुतेक वेळा म्हणतो, कारण १९८२ साली अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने घरी चार ट्रॅकच्या कॅसेटवर केलेली गाणी बँडसोबत पुन्हा करून पाहिली, ती जमली नाहीत, आणि शेवटी कॅसेटवरचीच बाहेर आली. म्हणून नोंद पंधरा दिवस ऐकू नकोस, मग ठरव.

आता चौथं गाणं. हॉटेलची खोली, रात्रीचा हायवे, घरचा फोन. मित्रा, दौऱ्यावरचा प्रत्येक बँड दुसऱ्या अल्बमला हे गाणं लिहितो, आम्हीही लिहिलं होतं. पहिल्या अल्बमसाठी उभं आयुष्य हाताशी असतं, दुसऱ्यासाठी दोन दौऱ्यांमधली फट. त्या फटीत दिसेल तेच लिहिलं जातं. पण तुझ्या तिसऱ्या कडव्यातला, सामान उतरवताना कोणाशीच न बोलणारा व्हॅनचा ड्रायव्हर मला आवडला. गाणं त्याचं कर, हायवे काढून टाक.

बीटल्ससारखं दौरे बंद करून स्टुडिओत बसावं का, असं तू विचारलं आहेस. ऑगस्ट १९६६ नंतर त्यांनी दौरे थांबवले आणि पुढच्या अल्बमवर काही महिने घालवले, खरं आहे. पण ते स्वतःच्याच मैफिलीत स्वतःचा आवाज ऐकू न येण्याइतके प्रसिद्ध झाले होते. तुमच्यावर ती वेळ आली की विचार.

सहावं गाणं एक स्वर खाली आणून मला पुन्हा पाठव. त्याच्या दुसऱ्या कडव्यात ड्रम नकोत असं मला वाटतं. ड्रमरला हे माझ्या नावावर सांग, तुला अजून त्याच्यासोबत व्हॅनमध्ये बसायचं आहे.

तुझा,
एक जुना बासवाला