पातं हलकं, बैठक भक्कम

प्रश्न : माझी 26 फुटी शिडाची बोट आहे. सुकाणू वराम्याला (बोटीच्या मागच्या टोकाच्या फळीला) बाहेरून टांगलेलं, टिलरवर (सुकाणू वळवायच्या दांड्यावर) चालणारं. स्वयंसुकाणूसाठी घरीच विंडव्हेन, म्हणजे वाऱ्याच्या दिशेवरून बोट आपोआप मार्गावर ठेवणारं यंत्र, केली आहे. वर प्लायवूडचं आडव्या आसावर कलणारं पातं, खाली पाण्यात लोंबणारं वल्हं आणि वल्ह्यापासून टिलरपर्यंत दोर. मधली जागा सुकाणूने अडवल्यामुळे ती एका बाजूला बसवू का? आणि पातं मोठं केलं तर जोर वाढेल का?

उत्तर : पात्याला हात लावू नका. टिलर ओढायचा जोर त्याच्यात नसतोच. ते वल्ह्याला उभ्या आसाभोवती जरासं पिळतं, एवढंच त्याचं काम. मग तिरक्या झालेल्या वल्ह्याला पळतं पाणी बाजूला ढकलतं आणि दोर ताणले जातात. वेग दुप्पट झाला की ही ओढ साधारण चौपट होते. 1960 च्या एकहाती अटलांटिक शर्यतीत इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस चिचेस्टर यांनी पात्याचाच जोर थेट टिलरला दिला होता, पण त्यासाठी त्यांना पात्याच्या जागी अख्खं छोटं शीडच उभारावं लागलं.

तेव्हा पातं तीन-चार मिलिमीटर प्लायचंच ठेवा. बंद खोलीत ते हाताने आडवं करून सोडून बघा. सावकाश उठून उभं राहिलं तर पात्याचा तोल राखणारं खालचं वजन बरोबर आहे; टुणकन उठलं तर वजन कमी करा. आस थोडा कलता हवा, सुमारे 20 अंश. अगदी सपाट आसावर जरा वारा फिरला की पातं पार लोळतं आणि बोट नागमोडी चालते. वल्ह्याच्या रुंदीचा साधारण पाचवा हिस्सा त्याच्या उभ्या आसाच्या पुढे येऊ द्या, म्हणजे हलक्या वाऱ्यातही पात्याला ते पिळता येईल.

आता जागा. बाजूला नको. बोट कलली की एका अंगाला वल्हं पाण्याबाहेर येणार. नळ्यांची चौकट करून सुकाणूच्या मागे, मधोमध बसवा. सुकाणू दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे घासत नाही ना, ते आधी बघा. बोल्ट आरपार घ्या, आतून रुंद पट्टी द्या. लाकडी स्क्रूवर भागवू नका, पहिल्याच उसळत्या समुद्रात ते ढिले होतील. ॲल्युमिनियमच्या नळीत स्टेनलेसचे बोल्ट असतील तर मध्ये प्लॅस्टिकचे वॉशर-बुश घाला, नाहीतर खारं पाणी ॲल्युमिनियम खाऊन टाकेल. बेअरिंगला नायलॉन नको, ते पाणी पिऊन फुगतं, ॲसिटल (कडक प्लॅस्टिक) घ्या. वल्ह्याच्या दांड्यात एक जोड मुद्दाम कमजोर ठेवा. तरंगत्या ओंडक्याला धडकल्यावर तुटायचंच तर तो तुटू दे, वरामा नको. वल्ह्याला वेगळा दोर बांधायला विसरू नका, म्हणजे तुटलं तरी ते हरवणार नाही.

खरं सांगू? सुकाणू बाहेर टांगलेलं असताना मी दोर-कप्प्यांच्या भानगडीत पडलोच नसतो. सुकाणूच्या मागच्या कडेला छोटा ट्रिम टॅब (सुकाणूला वळवणारी छोटी फिरती पट्टी) लावून पातं त्यालाच जोडलं असतं. पण तुमचं यंत्र तयार आहे, तर तेच चालवा.

आणि आधी शिडं जुळवा. टिलर दोन बोटांनी धरून बोट सरळ जात नसेल तर व्हेनही तिला सरळ नेणार नाही. मोठं शीड वेळेवर आखडा.

एकटे असाल तर हार्नेस (बोटीला बांधून ठेवणारा अंगावरचा पट्टा) कायम अडकवलेला हवा. व्हेन लावलेली बोट मागे पडलेल्या माणसासाठी थांबत नाही.