कोरकूचा गोतावळा

प्रश्न : गेल्या महिन्यात इंदूरहून खंडव्याला जाताना बसमध्ये शेजारी बसलेल्या दोन स्त्रियांचे बोलणे तासभर कानावर पडत होते, परंतु मधूनच येणारे हिंदी शब्द सोडले तर काहीच उमगले नाही. आपण कोरकू आहोत, असे त्यांनी नंतर सांगितले. भिलांचे बोलणे मात्र मला बरेचसे समजते. सगळ्या आदिवासी बोली मुळात एकच, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग एक कळावी आणि दुसरी मुळीच कळू नये, हे कसे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या कानांना जे जाणवले तेच खरे आहे. ‘आदिवासी बोली’ नावाची कोणतीही एक भाषा नाही. झाबुआ, धार, बडवानीकडची भिली ही मराठी आणि गुजरातीप्रमाणेच भारतीय-आर्य कुळातली, म्हणून ती आपल्याला उलगडते. बैतूल-छिंदवाड्याकडची गोंडी तेलुगू-कन्नडच्या द्राविडी कुळातली. खंडवा, बऱ्हाणपूर, बैतूल आणि महाराष्ट्रातील मेळघाट येथे बोलली जाणारी कोरकू मात्र तिसऱ्याच, ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतली आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ७ लाख २७ हजार लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. तिला केवळ बोली म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

तिच्या बहिणी दूर झारखंडाकडे आहेत. माणसाला कोरकूत ‘कोरो’, मुंडारीत ‘होडो’, संताळीत ‘होड’ आणि हो भाषेत नुसते ‘हो’ म्हणतात. ‘कोरो’ला अनेकवचनाचा ‘कू’ लागून ‘कोरकू’, म्हणजे ‘माणसे’, हे नाव झाले. गोतावळा तेथेही संपत नाही. चार या संख्येला कोरकूत ‘उपुन’, संताळीत ‘पोन’, कंबोडियाच्या ख्मेर भाषेत ‘बुओन’ आणि व्हिएतनामीत ‘बोन’ म्हणतात. खंडव्याच्या बाजारात ऐकू येणाऱ्या शब्दाचे भाऊबंद मेकाँगच्या काठी सापडावेत, याचे मला आजही नवल वाटते.

आता मराठी माणसाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’, हा भेद प्रमाण हिंदी करीत नाही; तिला एक ‘हम’ पुरतो. (आपल्या इंदुरी हिंदीतले ‘अपन’ ही उणीव भरून काढते, हे आपण रोज ऐकतोच.) कोरकू हा भेद पाळते : ‘आबुंग’ म्हणजे आपण आणि ‘आले’ म्हणजे आम्ही. शिवाय दोघांसाठी निराळी रूपे आहेत; ‘आलांग’ म्हणजे आपण दोघे, ‘आलिंग’ म्हणजे आम्ही दोघे. मात्र एवढ्यावरून मराठीशी तिचे रक्ताचे नाते ठरत नाही, कारण असा भेद जगातील अनेक असंबंधित भाषांत आढळतो.

जमात आणि भाषा यांचीही नेहमी जोडी जमतेच असे नाही. कित्येक गोंड कुटुंबे आज घरात हिंदी किंवा मराठीच बोलतात. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या आसपास राहणाऱ्या निहाल लोकांच्या निहालीत कोरकूचे शब्द भरपूर आहेत. तरीही तिचा गाभा कोरकूचा नाही, द्राविडी नाही आणि आर्यही नाही. युरोपातील बास्कप्रमाणे तिला अनेक अभ्यासक कोणत्याही कुळात न बसणारी एकाकी भाषा मानतात, आणि ती बोलणारे आता जेमतेम काही हजार उरले आहेत.