तीनचाकी मोटरसायकल : टायर कोणता आणि हवा किती?

प्रश्न : माझ्या तीनचाकी मोटरसायकलला पुढे दोन आणि मागे एक चाक आहे व ती वळणावर कलत नाही. पुढचे टायर १६५/५५ आर १५ आणि मागचा टायर २२५/५० आर १५ या मापाचा आहे. मागच्या टायरची नक्षी मधोमध जवळजवळ नाहीशी झाली आहे, दोन्ही कडांना मात्र ती बरीच शिल्लक आहे. त्याच मापाचा टायर मिळाला नाही म्हणून टायरवाल्याने मोटारीचा २०५/६० आर १५ हा टायर सुचवला आणि त्यात टायरवर लिहिल्याप्रमाणे ३६ पीएसआय हवा भरावी, असे सांगितले. गाडीच्या स्टिकरवर मागच्या चाकासाठी २८ पीएसआय लिहिले आहे. मोटारीचा टायर चालेल का, आणि हवा कोणाचे ऐकून भरावी?

उत्तर : आपल्या दोन प्रश्नांपैकी हवेचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो आधी घेतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा त्या टायरमध्ये भरता येणारा कमाल दाब असतो. आपल्या गाडीत किती हवा भरावी, याचा तो सल्ला नसतो. टायर कोणत्या गाडीखाली जाणार आहे, हे टायर बनवणाऱ्याला ठाऊक नसते. गाडी बनवणाऱ्याला मात्र प्रत्येक चाकावर किती वजन येते हे नेमके माहीत असते. त्यामुळे नवा टायर कोणताही बसवला तरी सुरुवात स्टिकरवरच्या आकड्यापासूनच करावी.

असे का, हे वजनाच्या हिशेबाने चटकन लक्षात येते. समजा, चालक आणि सामान धरून आपली गाडी ६०० किलो भरते आणि त्यातले २९० किलो मागच्या चाकावर व १५५-१५५ किलो पुढच्या दोन चाकांवर येते. (आपल्या गाडीचे खरे आकडे वजनकाट्यावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळी चढवून मिळवता येतात आणि ते मिळवावेत, असा माझा आग्रह आहे.) टायरवर मापाच्या शेजारी लोड इंडेक्सचा, म्हणजे तो टायर जास्तीत जास्त किती वजन पेलू शकतो हे सांगणारा अंक असतो. ७५ म्हणजे ३८७ किलो आणि ९१ म्हणजे ६१५ किलो. याचा अर्थ पुढचा टायर ७५ चा आणि मागचा ९१ चा असेल, तर कोणत्याही टायरवर त्याच्या क्षमतेच्या निम्मेसुद्धा वजन येत नाही. ३६ पीएसआयच्या आसपासचा दाब हा पूर्ण क्षमतेइतके वजन पेलण्यासाठी ठरवलेला असतो. निम्म्या वजनाखाली तेवढी हवा भरली की टायर मधोमध फुगतो, कडा रस्त्यावरून उचलल्या जातात आणि सगळा भार मधल्या पट्ट्यावर येतो. मधला पट्टा झिजून कडा शाबूत राहणे, हे आपण वर्णन केलेले लक्षण याच प्रकारचे आहे. रुंद टायर आणि हलके वजन असा मेळ असलेल्या गाड्यांत ते वारंवार दिसते. त्यातच मागचे चाक इंजिनाचा सगळा जोर एकट्याने रस्त्यावर उतरवत असल्यामुळे झीज लवकर होते. फुगलेला टायर खड्ड्यांवर आदळतो, आणि रस्त्याला टेकणारा भाग लहान झाल्याने ब्रेक लावताना पकडही कमी मिळते.

म्हणून हवा वाटेल तितकी कमी करावी, असे मात्र नाही. न कलणारी गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकावर वजन तर वाढतेच, शिवाय त्या टायरला आडवा जोरही सोसावा लागतो. हवा फार कमी असेल तर टायरची बाजू दुमडते, हँडल उशिरा प्रतिसाद देते, आणि टोकाच्या प्रसंगी बीड, म्हणजे रिमवर घट्ट बसणारा टायरचा काठ, आपल्या जागेवरून सुटू शकतो. कमी हवेचा टायर चालताना सतत अधिक वाकतो व तापतो, आणि टायर निकामी होण्याच्या कारणांत उष्णता फार वरच्या क्रमांकावर आहे.

दुसरा धोका पाण्याचा आहे आणि त्याचा विचार फारसा होत नाही, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. रस्त्यावर साचलेले पाणी नक्षीच्या खाचांतून बाहेर पडण्याआधीच टायर त्यावर चढला, तर तो पाण्यावर तरंगू लागतो. १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरांच्या अभ्यासातून यासाठी एक ढोबळ सूत्र मांडले : पीएसआयमधील दाबाचे वर्गमूळ काढून त्याला सुमारे साडेसोळाने गुणले की टायर तरंगू लागण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. त्या हिशेबाने २८ पीएसआयला हा वेग ८७ च्या आसपास येतो, तर १६ पीएसआयला ६६. हे सूत्र खोल पाण्यासाठी आणि झिजलेल्या टायरसाठी आहे. चांगल्या खाचा असलेला टायर याहून बराच वेग सहन करतो. तरीही दाब उतरवला की पाण्यावरचा सुरक्षित वेगही उतरतो, एवढे त्यावरून निश्चित कळते. आपल्या रचनेत आणखी एक अडचण आहे. मोटारीची मागची चाके पुढच्या चाकांनी पाणी बाजूला सारलेल्या वाटेवरून जातात. आपल्या गाडीचे मागचे चाक दोन्ही वाटांच्या मधोमध, अजून कोणीही न सारलेल्या पाण्यातून जाते, आणि गाडी ढकलण्याचे कामही तेच करते. म्हणूनच मधोमध गुळगुळीत झालेला टायर आपल्या गाडीला अधिक घातक आहे. खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे आडवे उंचवटे असतात; मोटारीच्या टायरवर खोली १.६ मिलिमीटर उरली की ते नक्षीच्या बरोबरीला येतात. मागच्या टायरच्या बाबतीत तितकी वाट पाहू नये. नवा टायर निवडतानाही मधोमध लांब, खोल, अखंड खाचा असलेलाच निवडावा.

आता नेमका आकडा कसा ठरवायचा? स्टिकरप्रमाणे २८ पीएसआय भरून सपाट, कोरड्या जागी टायरच्या नक्षीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढावी आणि गाडी सरळ रेषेत थोडी पुढे न्यावी. रेघ सर्व रुंदीभर सारखी पुसली गेली तर दाब योग्य आहे. फक्त मधला भाग पुसला गेला तर हवा जास्त आहे. कडा पुसल्या जाऊन मधली रेघ ठळक राहिली तर हवा कमी आहे. एका वेळी एकच पीएसआय बदलून ही चाचणी पुन्हा करावी. ती चालकाला गाडीवर बसवून आणि नेहमीचे सामान ठेवून करावी, रिकाम्या गाडीवर नव्हे. त्यानंतर उष्णतेची चाचणी घ्यावी. किमान तीन तास उभ्या असलेल्या गाडीची हवा मोजावी, अर्धा-पाऊण तास नेहमीच्या वेगाने चालवून लगेच पुन्हा मोजावी. दाब साधारण दहा टक्के वाढला तर ठीक. त्याहून बराच अधिक वाढला तर टायर फार वाकत आहे आणि हवा वाढवायला हवी. गरम टायरचा वाढलेला दाब पाहून हवा सोडण्याची चूक कोणीही करू नये.

मोटारीच्या टायरची बाजू जड गाडीसाठी घडवलेली असल्याने मूळ टायरपेक्षा ताठ असते. त्यामुळे असे टायर बसवल्यावर खडूची रेघ बहुधा स्टिकरपेक्षा थोडा कमी दाब सुचवते. माझ्या मते स्टिकरच्या आकड्याखाली दोन पीएसआयपेक्षा अधिक जाऊ नये. त्याने पकड थोडी सुधारेल, पण त्याहून खाली गेल्यास वळणावरची आणि पाण्यावरची जी किंमत मोजावी लागते ती मला परवडणारी वाटत नाही. मागे दुसरी व्यक्ती बसणार असेल किंवा लांबचा प्रवास असेल, तर पुस्तिकेत पूर्ण भारासाठी दिलेला दाब भरावा. पुढच्या दोन टायरांमध्ये एका पीएसआयचाही फरक ठेवू नये, कारण गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते आणि मग दोष उगाचच अलाइनमेंटला दिला जातो.

मापाच्या प्रश्नाचे उत्तर गणितातच आहे. २२५/५० आर १५ म्हणजे २२५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ५० टक्के म्हणजे ११२.५ मिलिमीटर बाजूची उंची आणि १५ इंची, म्हणजे ३८१ मिलिमीटर व्यासाची रिम. यावरून टायरचा एकूण व्यास ६०६ मिलिमीटर येतो. सुचवलेल्या २०५/६० आर १५ चा व्यास ६२७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे साडेतीन टक्के जास्त आहे. वेग मागच्या चाकावरून मोजला जात असेल तर काटा १०० दाखवताना गाडी खरोखर १०३ च्या पुढे असेल. अधिक गंभीर बाब अशी, की एबीएस आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांची सतत तुलना करत असते. व्यासांचे मूळ प्रमाण बिघडले की तिला न झालेली घसरण दिसू शकते, किंवा झालेली उशिरा दिसू शकते. वाढलेला टायर मडगार्डला किंवा मागचे चाक फिरवणाऱ्या पट्ट्याला घासतो का, हेही पाहावे लागते. याउलट २०५/५५ आर १५ चा व्यास ६०६.५ मिलिमीटर आहे, म्हणजे मूळच्या जवळजवळ तंतोतंत. हा टायर साडेपाच ते साडेसात इंच रुंदीच्या रिमवर बसवण्यासाठी मान्य आहे. आपल्या रिमची रुंदी रिमवरच कोरलेली असते, ती वाचून खात्री करावी. रुंदी २० मिलिमीटरने कमी झाल्याने हलक्या वजनाखाली तो रस्त्याला अधिक सारखा टेकेल आणि पाणीही चांगले कापेल. तेव्हा मूळ माप मिळत नसेल आणि गाडीच्या कंपनीची व नोंदणीच्या नियमांची हरकत नसेल, तर मोटारीचा २०५/५५ आर १५ घ्यावा आणि २०५/६० घेऊ नये. टायरचा कमाल वेग सांगणारे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे असू नये. टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१० आणि व्ही म्हणजे २४० किलोमीटर.

टायर बदलताना व्हॉल्व्हही नवा टाकून घ्यावा, चाकाचे बॅलन्सिंग करावे, आणि गाडी पट्ट्यावर चालणारी असेल तर मागचे चाक काढून बसवल्यानंतर पट्ट्याचा ताण व सरळपणा पुन्हा तपासून घ्यावा. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकातील शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ३५२३ म्हणजे २०२३ मधला पस्तिसावा आठवडा. दुकानात दीर्घकाळ पडून राहिलेला टायर नवा म्हणून स्वीकारू नये.

प्रश्न : माझी मूळची दुचाकी मोटरसायकल मागे दोन चाकांचा आस बसवून तीनचाकी केलेली आहे. मागे मोटारीचे टायर आहेत. पुढचा टायर मधोमध सपाट झाला आहे. तेथेही मोटारीचा टायर बसवता येईल का?

उत्तर : मूळची रिम कायम असेल तर बसवू नये. मोटरसायकलच्या टायरच्या मापात एम/सी अशी अक्षरे बहुधा असतात. तो मोटरसायकलच्या रिमसाठी आहे, असे ती सांगतात. व्यासाचा इंच सारखा दिसला तरी मोटारीच्या आणि मोटरसायकलच्या रिममध्ये बीड बसण्याच्या जागेचा घाट वेगळा असतो. मोटारीचा टायर तेथे जोर लावून बसवला तर तो बसल्यासारखा दिसतो, पण त्याची पकड भरवशाची नसते, आणि हवा भरताना बीड तुटण्याचाही धोका असतो. आपली गाडी आता कलत नसल्यामुळे गोल घाटाचा टायर कायम मधल्या पट्ट्यावरच चालतो व तेथेच सपाट होतो. हे या रचनेत अपरिहार्य आहे. मध्यभागी कठीण रबर असलेला, प्रवासी मोटरसायकलसाठीचा टायर घेतल्यास तो अधिक काळ टिकेल. पुढच्या चाकात मूळ दुचाकीच्या पुस्तिकेतला दाब ठेवावा. मागच्या दोन टायरांत मात्र दुचाकीच्या पुस्तिकेतला आकडा लागू होत नाही आणि मोटारीचाही नाही. रूपांतर करणाऱ्याने दिलेला दाब प्रमाण मानून, वर सांगितलेल्या खडूच्या आणि उष्णतेच्या चाचण्यांनी तो पडताळावा. ती दोन्ही चाके एकाच मापाची, एकाच बनावटीची आणि सारख्या झिजेची असावीत.

प्रश्न : वळणावर कलणाऱ्या तीनचाकीला मोटारीचे टायर टिकाऊ म्हणून लावले तर?

उत्तर : लावू नयेत. पियाजिओ एमपी३ किंवा यामाहा नायकेन यांसारख्या गाड्या तीन चाकांच्या असल्या तरी दुचाकीप्रमाणेच कलतात आणि त्यांना गोल घाटाचाच टायर लागतो. सपाट टायर कलताना एका कडेवर उभा राहतो.

प्रश्न : माझ्या तीनचाकीच्या पुढच्या दोन टायरांत १६ पीएसआयच हवा असते. एवढा कमी दाब असलेल्या टायरांत नायट्रोजन भरणे फायद्याचे आहे का?

उत्तर : साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजनामुळे दाब उतरण्याचा वेग थोडा कमी होतो आणि आतला ओलावा टळतो, पण तापमानाबरोबर दाब कमी-जास्त होणे थांबत नाही. १६-१८ पीएसआयच्या टायरमध्ये तापमानातील दहा अंश सेल्सिअसच्या फरकाने साधारण एक पीएसआयचा फरक पडतो, आणि एवढ्या कमी दाबात तो एक पीएसआय दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. पंपावरच्या मीटरमध्ये दोन पीएसआयची चूक असेल तर मोटारीला ती फारशी जाणवणार नाही. आपल्या पुढच्या चाकांत ती एकूण दाबाच्या आठव्या हिश्श्याइतकी होते. म्हणून नायट्रोजनावर खर्च करण्याऐवजी कमी दाब अचूक दाखवणारे स्वतःचे मीटर घ्यावे, त्यानेच दर आठवड्याला टायर थंड असताना हवा मोजावी आणि ऋतू बदलला की दाब नव्याने लावून घ्यावा.